बाजूला ठेवलेली एकतीस निरीक्षणं

लेख तपासणाऱ्या परीक्षकाचं पत्र सोमवारी सकाळी आलं. त्यातले पहिले चार प्रश्न ह्योजूनं कोटही न काढता उभ्याउभ्याच वाचले. एका आकृतीतली अक्षरं फार बारीक आहेत, एका तक्त्यात एकक लिहायचं राहिलं आहे, असलेच ते होते. पाचवा प्रश्न एका ओळीचा होता. 'या मॉडेलपर्यंत येण्याआधी लेखकांनी एकूण किती मॉडेलं करून पाहिली?' ती खुर्चीत बसली. येताना रस्त्यावर पडलेलं गिंकोच्या झाडाचं एखादं फळ बुटाखाली चिरडलं असावं. त्याचा तो आंबूस, ओकारीसारखा वास खोलीत पसरायला लागला होता. दरवर्षी नोव्हेंबरात देजॉन शहराच्या फुटपाथांवर हा वास असतो आणि कोणी त्याच्याबद्दल बोलत नाही. तिनं तो प्रश्न पुन्हा वाचला. त्यात आरोप नव्हता. एखाद्या शेजारणीनं जिन्यात सहज विचारावं, काल कितीला आलात, इतक्या साध्या आवाजात तो विचारलेला होता. आणि तरी तिच्या मानेमागे घाम आला.

किती, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. संगणकावर एक फोल्डर होतं आणि त्यात प्रत्येक प्रयत्न क्रमांक घालून ठेवलेला होता. काही पुसून टाकायची तिला सवय नव्हती. तिनं फोल्डर उघडलं आणि शेवटच्या क्रमांकाकडे बघत बसली. त्रेसष्ट.

तारा एकच होता. यादीत त्याला एक लांबलचक क्रमांक होता, पण संस्थेत तिच्या मजल्यावरचे सगळे त्याला 'आपला तारा' म्हणत. अकरा वर्षांत त्याच्याकडे दोनशे चौदा वेळा पाहिलं गेलं होतं, आणि दर वेळी एकच गोष्ट मोजली होती: तो आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, आणि किती वेगानं. माणूस रमतगमत चालेल इतकाच तो वेग. ताऱ्याभोवती एखादा ग्रह फिरत असला की तो ताऱ्याला ओढतो आणि तारा जागच्या जागी किंचित झुलतो. पहिला ग्रह प्यो सरांनी नऊ वर्षांपूर्वीच शोधला होता आणि त्याबद्दल जगात कुणालाच शंका नव्हती. प्रश्न उरलेल्या थरथरीचा होता. पहिल्या ग्रहाचं झुलणं वजा केलं की मागे काहीतरी उरत होतं, आणि ते काय आहे हे ह्योजू तीन वर्षं शोधत होती. ताऱ्यावरचे डाग फिरतात, त्यांचीही थरथर असते. ती धरली. मग डाग मोठे होतात, विरतात, ते धरलं. यंत्र दुरुस्त केल्यानंतरची पाच निरीक्षणं विचित्र वाटत होती, ती काढली. पुन्हा घातली. दर वेळी मॉडेलची रेघ निरीक्षणांच्या बिंदूंजवळ थोडी यायची, थोडी लांब राहायची. आणि त्रेसष्टाव्या वेळी दुसरा ग्रह उभा राहिला. जिथे पाणी पाणीच राहील, गोठणार नाही की उकळणार नाही, अशा अंतरावर. लेखात त्या त्रेसष्टाव्या मॉडेलचंच वर्णन होतं. आधीच्या बासष्टांबद्दल एक शब्द नव्हता.

खरं म्हणजे तिला आधीपासून एका गोष्टीचा त्रास होत होता आणि तिनं तो कुणाला सांगितला नव्हता. रेघ फार छान बसत होती. मोजणारं यंत्रच मुळी प्रत्येक मोजमापात थोडं चुकतं. त्याचा हात किती थरथरतो हे तिला ठाऊक होतं. आणि बिंदू रेघेला त्याहूनही जास्त चिकटून बसले होते. पोरानं परीक्षेत एकही चूक केली नाही म्हणून आईला आनंद व्हावा, आणि मग भांडी घासता घासता तिच्या लक्षात यावं की उत्तरपत्रिकेतले शब्दसुद्धा पुस्तकातलेच आहेत, तसं काहीतरी. मॉडेलमध्ये जितके जास्त आकडे हाताशी असतात तितकी रेघ हवी तिथे वाकते. म्हणून वाढवलेल्या प्रत्येक आकड्याबद्दल मॉडेलला दंड करायचा असतो, आणि दंड भरूनही जे पुढे राहतं ते खरं मानायचं असतं. तो दंड तिनं केला होता. त्रेसष्टावं मॉडेल दंड भरूनही पुढे होतं. पण त्रेसष्ट वेळा निवड केली, त्या निवडीचा दंड कुठेच धरलेला नव्हता.

ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा ते सुरीनं पर्सिमनचं फळ सोलत होते. साल एकसंध, लांब, टेबलावर गुंडाळी होऊन पडत होती. पंधरा वर्षांपूर्वी तिची पहिली मुलाखत घेतानाही ते काहीतरी सोलतच होते. फेब्रुवारीत ते निवृत्त होणार होते. दुसऱ्या ग्रहाची बातमी शुक्रवारी जाहीर करायची ठरली होती, आणि गावातल्या वर्तमानपत्रानं शाळेतल्या मुलांकडून त्याच्यासाठी नावंसुद्धा मागवली होती.

"पाचव्या प्रश्नाला काय लिहू, सर?"

"लिही, अनेक."

"त्रेसष्ट आहेत."

"मग त्रेसष्ट म्हणजे अनेकच ना!" ते हसले आणि फोड तिच्यापुढे धरली. "घे. गोड आहे. अगं, स्वयंपाक किती वेळा बिघडला ते पाहुण्यांना सांगतं का कोणी?"

तिनं फोड घेतली. जिभेला ती थोडी तुरट लागली. "सर, मार्चमध्ये मी एकतीस निरीक्षणं बाजूला ठेवली होती. शेवटच्या हंगामातली. तुम्हाला विचारूनच ठेवली होती."

"आठवतंय. घाल ना तीही आता. दोनशे पंचेचाळीस होतील. आकडा भारदस्त दिसेल."

"घातली तर तपासायला काही उरणार नाही. ती मॉडेलनं पाहिलेलीच नाहीत. मीसुद्धा पाहिलेली नाहीत. मॉडेलकडून आधी वदवून घ्यायचं, त्या त्या दिवशी तारा किती झुलला असेल. आणि मग फाइल उघडायची."

सर सुरी पुसत राहिले. त्यांचे हात अलीकडे जरा सावकाश चालत. "आणि नाही जुळलं तर?"

तिनं फोड संपवली आणि बोटं रुमालाला पुसली.

"बुधवारी कर," ते म्हणाले. "माझ्यासमोर कर. जुळणारच आहे. अकरा वर्षं मी काय झोपा काढल्या का?" हे ते हसतच म्हणाले, पण पर्सिमनची उरलेली अर्धी फोड त्यांनी तशीच कागदात गुंडाळून ठेवली.

दुपारी तिनं डोंगरावरच्या वेधशाळेत फोन लावला. मालसुनताई तिथे वीस वर्षं दुर्बीण चालवत होत्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला उठत. शेवटच्या हंगामातली सगळी निरीक्षणं त्यांच्याच हातची होती.

"ताई, ती एकतीस निरीक्षणं कशी आहेत?"

"कशी म्हणजे? मी त्या ताऱ्याकडे जितकं टक लावून बघितलंय ना, तितकं नवऱ्याकडे बघितलं असतं तर संसार टिकला असता माझा." मागे किटलीचा आवाज येत होता. "का गं? काय झालं?"

"काही नाही. बुधवारी उघडणार आहे ती फाइल."

"मग उघड की. आवाज असा का काढतेस सुतकी?" मग त्यांनी विचारलं, "तुला काय हवंय, ह्योजू? जुळायला हवंय की नको?"

या प्रश्नाचं उत्तर ताबडतोब द्यायला हवं होतं. तिनं "बघू" म्हणून फोन ठेवला, आणि मग कितीतरी वेळ तिला वाटत राहिलं की आपण काहीतरी लपवताना पकडले गेलो आहोत.

संध्याकाळी घरी आली तेव्हा वडिलांनी बांगडा भाजायला ठेवला होता आणि सगळ्या घरात धूर झाला होता. आई गेल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, ते तिच्याकडे राहत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, पण शाळामास्तरांचा ताठा पाठीत अजून तसाच होता. जेवणाच्या टेबलावर, किमचीच्या डब्याशेजारी, त्यांची वही होती. तिच्या निळ्या पुठ्ठ्याचा एक कोपरा झिजून पांढरा झाला होता. ती वही त्या घरात तिसऱ्या माणसासारखी वावरायची. कधी गादीशेजारी, कधी खिडकीत. तिच्यावर कप ठेवायचा नाही हे कुणी न सांगताही ह्योजूला माहीत होतं.

तेव्हा ह्योजू दहा वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ इन्हो सातचा. पश्चिम किनाऱ्यावरचं ते गाव. ओहोटीला समुद्र इतका लांब जायचा की तो कधी होता असंच वाटू नये. मैलभर नुसता राखाडी चिखल, मऊ, चमकणारा. बायका टोपल्या घेऊन तिसऱ्यांचे शिंपले वेचायला निघत आणि मुलं त्यांच्या मागून. त्या दिवशी सकाळी इन्होनं तिची रंगाची पेटी फोडली होती म्हणून तिनं त्याचे रबरी बूट लाकडांच्या ढिगामागे लपवले. तो वीस मिनिटं शोधत होता. रडत नव्हता, नुसता नाक ओढत होता. बूट सापडले तेव्हा बायका पुढे निघून गेल्या होत्या, आणि तो त्यांच्या पावलांच्या खुणांवरून एकटाच धावत गेला. मग धुकं आलं. भरती तिथे समोरून येत नाही. ती चरांमधून, पाठीमागून, आवाज न करता येते, आणि माणूस समोर कोरडा चिखल बघत उभा असतो. बायका परत आल्या. इन्हो दुसऱ्या दिवशी सापडला. बूट पायातच होते. त्या बुटांच्या आत चिखलाचा जो वास होता तो तिला अजून कधीकधी अचानक येतो. लिफ्टमध्ये. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसल्यावर. बँकेत रांगेत.

वडिलांनी त्याच वर्षी वही सुरू केली. सुरुवातीला त्यात फक्त भरतीच्या वेळा होत्या. मग धुकं किती वाजता उतरलं ते आलं. मग वारा. मग आईला आदल्या दिवशी ताप होता, म्हणून ती चिखलात गेली नाही, ते. मग शाळेत त्या दिवशी सुट्टी का होती ते. दोन-चार वर्षांनी ते एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याशी बोलून यायचे, जुना कागद शोधून काढायचे, आणि वहीत एक कारण वाढायचं. प्रत्येक कारण वाढलं की त्यांचा चेहरा काही दिवस निवळायचा. लहानपणी तिला वाटायचं की एक दिवस वही पूर्ण होईल आणि मग आपल्या घरात कोणीतरी मोठ्यानं बोलेल.

"मला एक सापडलंय," वडील बांगड्याचा काटा काढत म्हणाले. काटा त्यांनी तिच्या ताटातल्याच माशाचा काढला होता. ते नेहमीच काढायचे. "शाळेचं घड्याळ. ते चार मिनिटं मागे होतं. शिपायाच्या पुतण्यानं सांगितलं. म्हणजे भरतीच्या धोक्याची घंटा चार मिनिटं उशिरा झाली. बघ, आता एकेक मिनिटाचा हिशेब लागतो."

"आधीही लागत होता, बाबा."

"आधी चार मिनिटं कमी पडत होती."

ती भाताकडे बघत राहिली. तिला तो प्रश्न विचारायचा नव्हता. पंचवीस-तीस वर्षांत तिनं तो विचारला नव्हता, आणि आता सोमवारी सकाळच्या त्या एका ओळीनं तिच्या आतली कुठली तरी खिटी निघाली होती. "बाबा, त्या वहीत मी आहे का?"

वडिलांनी जवाच्या पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं तिला नंतर वाटलं. "आहेस की. पहिल्या पानापासून आहेस. वीस मिनिटं." मग वर्गात हुशार मुलीला समजावून सांगावं तसं ते म्हणाले, "ती काढली तर बाकीचं काहीच जुळत नाही, पोरी. तू आहेस म्हणून तर सगळं जुळतं."

त्यांनी तिच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला. तिनं तो खाल्ला. मग तिनं भांडी घासली, आणि घासताना तिच्या मनात जे चाललं होतं ते दुःखासारखं नव्हतंच. ते कामासारखं होतं. एक दिवस. दहा कारणं. एकाच बिंदूतून दहा आकड्यांची रेघ काढायची म्हटली तर ती कशीही काढता येते, हव्या त्या दिशेनं, आणि ती कधीच चुकत नाही. ते मॉडेल तपासायला दुसरा दिवस हवा. बूट लपवलेला दुसरा एखादा दिवस, ज्या दिवशी इन्हो घरी आला. बूट न लपवलेला एखादा दिवस, ज्या दिवशी तो आला नाही. तसा दिवस कुणी बाजूला ठेवलेला नव्हता, आणि यापुढे येणार नव्हता. त्यामुळे वडील बरोबर आहेत की चूक हे कधीही कळणार नव्हतं, आणि वहीत तिची वीस मिनिटं अशीच राहणार होती. पाणी थंडगार होतं. बोटं बधिर झाली तरी तिला नळ बंद करावासा वाटला नाही.

मंगळवारी तिनं त्रेसष्टाव्या मॉडेलकडून एकतीस दिवसांची भाकितं काढून घेतली. कागदावर छापली, खाली तारीख घातली, सही केली. शेजारी एकाच ग्रहाच्या साध्या मॉडेलची भाकितंही काढली. त्या मॉडेलमध्ये उरलेल्या थरथरीला डागांची हालचाल एवढंच नाव दिलं होतं. सबंध दिवस कुणाशी बोलली नाही. दुपारी खानावळीत मोडांच्या सूपचा कटोरा समोर घेऊन बसली आणि तो निवला. समोरच्या भिंतीवर मुलांनी पाठवलेल्या नावांचे कागद कुणीतरी चिकटवले होते. एका मुलीनं ग्रहाला आपल्या कुत्र्याचं नाव दिलं होतं आणि खाली लिहिलं होतं, तो पण हरवला आहे.

बुधवारी सकाळी दहा वाजता सर आले. त्यांनी नवा टाय घातला होता. दार लावून घेतलं आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांच्या गुडघ्याचा कडकन आवाज झाला. पडद्यावर रेघ होती, नुसती रेघ, त्रेसष्टाव्या मॉडेलची, वरखाली जाणारी.

"उघड," ते म्हणाले.

पहिले तीन बिंदू रेघेवर पडले. अगदी रेघेवर. सरांनी श्वास सोडला तो तिला गालावर जाणवला. आणि तिलाही, हे तिला नंतर नाकारता आलं नाही, त्या क्षणी ते जुळायलाच हवं होतं. चौथा जरा वर होता. पाचवा, सहावा आणखी वर. मग रेघ खाली उतरायला लागली आणि बिंदू उतरले नाहीत. बाराव्यापर्यंत रेघ तळाला होती आणि बिंदू माथ्यावर. पुढे ते कुठे कुठे पडत गेले, आणि रेघ त्यांच्यामधून आपल्याच नादात, एखाद्या वेडसर माणसासारखी हातवारे करत चालली होती. तिनं साधं मॉडेल वर आणलं. तेही सगळं अचूक सांगत नव्हतं. पण ते फारसं बोलतच नव्हतं, त्यामुळे फारसं चुकतही नव्हतं.

रेडिएटरमध्ये पाणी टकटकत होतं. गिंकोचा तो वास अजून खोलीतून गेला नव्हता, की तिलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

"कालावधी बदलत असेल," सर म्हणाले. "दुसऱ्या ग्रहाचा. पहिला त्याला ओढत असेल. थोडा सरकता ठेव कालावधी."

"सर..."

"ठेव तर खरं. बघायला काय जातंय?"

तिचे हात कळफलकावर गेले. ते तिनं नेले की गेले, हे तिला सांगता आलं नसतं. एक आकडा वाढवला, मग आणखी एक. गणित चालायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत सरांनी दोनदा टायची गाठ चाचपली. आणि रेघ हलली, लवली, आणि त्या एकतीस बिंदूंमधून पाण्यासारखी वाहत गेली. एकूणएक बिंदू. ते सुंदर होतं. छातीत एक हलका, गोड झटका बसला, जन्मभर ज्याच्यासाठी काम केलं तोच. "बघ!" सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ, मी म्हणत होतो ना? थोडंसंच कमी पडत होतं." तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावरची शीर, निवळलेला चेहरा, ओठांच्या कडांना आलेली ती शांत, शहाणी मुरड. हा चेहरा तिनं परवाच पाहिला होता, धुरानं भरलेल्या स्वयंपाकघरात.

"हे चौसष्टावं आहे, सर."

"मग असू दे चौसष्टावं!"

"आता आपल्याकडे न पाहिलेलं काही उरलेलं नाही. हे आता काहीही सांगेल. मी नाही लिहिणार हे. लेखावर माझं नाव नको."

सर हसायला गेले आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. "तुझं नाव नसलं तर हा माझ्या एकट्याचा वेडेपणा ठरेल, ह्योजू."

तिनं पडद्यावरचा आलेख बंद केला.

"मग मला एवढं सांग," त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता, "मी अकरा वर्षं काय बघत होतो?"

"एक ग्रह, सर. आणि ताऱ्यावरचे डाग."

"डाग." ते उठले. खुर्ची जागेवर नीट ठेवली. दाराशी जाऊन टाय सोडला, खिशात कोंबला आणि बाहेर पडले.

लेख त्यांनी त्याच दिवशी स्वतःच मागे घेतला. शुक्रवारची बातमी रद्द झाली. खानावळीतल्या भिंतीवरचे कागद कुणीतरी काढले, चिकटपट्टीचे चौकोन तेवढे राहिले. कुणी ह्योजूला बोल लावला नाही. मजल्यावरची माणसं तिच्याशी आधीपेक्षा जरा जास्तच अदबीनं बोलायला लागली. फेब्रुवारीत सरांचा निरोपसमारंभ झाला आणि त्यात त्यांनी तिचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर मान लववून आभार मानले. तिला वाटलं, संपलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिलं पत्र आलं. टपालानं, हातानं लिहिलेलं, सोबत आलेख. सरकत्या कालावधीऐवजी दुसऱ्या ग्रहाची कक्षा तिरपी धरली तर सगळं बसतं, असं सरांनी लिहिलं होतं. तिनं चार पानी उत्तर पाठवलं. प्रत्येक वाढीव आकड्याचा दंड मोजून दाखवला. दुसरं पत्र पंधरा दिवसांनी आलं. डाग वर्षागणिक ताऱ्याच्या मध्याकडे सरकतात, ते धरलं होतं. तिसऱ्यात तिसरा ग्रह होता. प्रत्येक पत्रात रेघ अचूक होती. ह्योजूनं उत्तरं देणं बंद केलं. पाकिटावरचं ते वळणदार अक्षर दिसलं की ती ते पाकीट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची, आणि मग दिवसभर तिला त्या टोकाला कोणीतरी बसलं आहे असं वाटत राहायचं. घरी वडिलांच्या वहीत, बारीक शिसपेन्सिलीनं, अकरावं कारण आलं होतं. काय आहे ते तिनं विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी आलेलं पत्र मात्र छोटं होतं. 'ह्योजू, आता मी थांबलो आहे. यापुढे एकही आकडा वाढवणार नाही. मे महिन्यात आपला तारा अकरा रात्री दिसेल. त्या अकरा रात्रींची माझी भाकितं सोबतच्या बंद पाकिटात आहेत. पाकिटावर टपाल कचेरीचा शिक्का घेतला आहे. तू उघडू नकोस. आधी निरीक्षणं होऊ देत. न जुळलं तर मी पुन्हा लिहिणार नाही. हे मी तुझ्याकडूनच शिकलो.'

पाकीट पातळ होतं. उजेडात धरलं असतं तर आतले आकडे दिसलेही असते. तिनं धरलं नाही. हेच तर तिनं नोव्हेंबरात मागितलं होतं, आणि त्यांनी ते, मॉडेलमधल्या अठरा आकड्यांच्या जंगलातून वाट काढत, प्रामाणिकपणे करून दाखवलं होतं. न जुळण्याची शक्यता खूपच जास्त होती. जवळजवळ खात्रीच होती. मग पर्सिमन सोलणारे ते हात काय करतील? दिवसभर कशाकडे बघतील? आणि दुसरी शक्यता. ती अगदी लहान होती, पण होती. जुळलं तर? तर त्या बुधवारी तिनं एका खऱ्या ग्रहाला नाही म्हटलं होतं. तर बेतानं, दंड मोजून, सगळे नियम पाळून तिनं बूट लपवले होते. हा शब्द मनात उमटला तशी ती दचकून उभी राहिली, आणि पुन्हा खाली बसली.

मे महिन्याची निरीक्षणांची यादी यंदा तिनंच ठरवायची होती. अडतीस तारे होते. तिनं ती यादी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचून काढली. मग एक ओळ पुसली. सदतीस राहिले. तिनं यादी पाठवून दिली आणि हात धुऊन आली.

दोन दिवसांनी दुपारी तीनला फोन वाजला.

"अगं, यादीत आपला तारा नाही," मालसुनताई म्हणाल्या. "विसरलीस?"

"नाही. विसरले नाही."

"मग त्या वेळात मी बघू काय?"

"वर जे असेल ते."

पलीकडे किटली उकळत होती. ती कुणीतरी बंद केली. "ह्योजू, बाई, सरांचा फोन आला होता मला. परवाच. मे महिन्यात बघणार ना, म्हणून विचारत होते. मी हो म्हणून बसले. लहान पोरासारखे खूश झाले गं. आता परत फोन आला तर काय सांगू?"

खिडकीबाहेर गिंकोला नवी पानं आली होती, कोवळी, ओलसर, पंख्याच्या आकाराची. ह्योजूचा आवाज अगदी सरळ निघाला. "ढग होते म्हणून सांगा."

"अकराही रात्री?"

"हो."

मालसुनताई म्हणाल्या, "वीस वर्षांत मी वहीत खोटा ढग लिहिलेला नाही." आणि त्यांनी फोन ठेवला. लिहिणार की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ह्योजूनंही परत फोन करून विचारलं नाही.

मे महिना देशभर कोरडा गेला. रोज सकाळी टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी हसून सांगायची की यंदासारखं निरभ्र आभाळ कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं, आणि तिच्या मागच्या नकाशावर डोंगराच्या जागी नुसता स्वच्छ हिरवा रंग असायचा. तो नकाशा सगळ्या घरांत दिसत होता, सरांच्याही.

जूनमध्ये सरांचं पत्र आलं नाही. जुलैमध्येही आलं नाही.